अंगावरचं दूध आणि आजूबाजूची माणसं

माझ्या मुलीने पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही घेतलं नाही. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही, पावडरचं दूध नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे दिले. हे कळलं की बायका कौतुकाने म्हणतात, "तुला जमलं हो, आम्हाला नाही जमलं." या वाक्याचा मला फार त्रास होतो. त्यातल्या पहिल्या अर्ध्या भागात दुसऱ्यांच्या कष्टाचं श्रेय मला मिळतं, आणि दुसऱ्या अर्ध्या भागात ती बाई दुसऱ्यांनी न केलेल्या कामाचा दोष स्वतःच्या माथी घेते. म्हणून माझ्याकडून हे कोणी करवून घेतलं, ते नीट लिहून ठेवायचं आहे.

मी कराड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बाळंतपण फाल्गुनात झालं, तेही सिझेरियनने. आठव्या महिन्यात रक्तदाब वाढला, रजा लवकर घ्यावी लागली आणि 180 दिवसांतला जवळजवळ महिना बाळ जन्मायच्या आधीच संपला. माहिती म्हणाल तर माझ्याकडे कमी नव्हती. जन्मल्यापासून तासाभरात स्तनपान, सहा महिने निव्वळ स्तनपान, मग घरचं मऊ अन्न आणि त्याच्या जोडीला दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही अंगावरचं दूध, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं मी स्वतः पालकसभेत वाचून दाखवलेलं होतं. पण पोटाला ताजे टाके, एका हाताला सलाईन आणि कंबरेखालचं अंग बधिर असताना ते पाठ असलेलं सगळं निरुपयोगी ठरतं. तिथे दुसऱ्या माणसाचे हात लागतात.

पहिले हात ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरचे. बाळ रडल्याचा आवाज आला, तिने ते पुसून कोरडं केलं आणि सगळ्यात आधी माझ्या गालाला लावलं. टाके घालून मला बाजूच्या खोलीत आणलं तेव्हा ती बाळाला घेऊन तिथे हजर होती. माझा गाऊन सोडून तिने मुलीला उघडीच माझ्या छातीवर आडवी ठेवली, टाक्यांच्या बरीच वर, आणि दोघींवर मिळून एक चादर टाकली. मला हात उचलता येत नव्हता. बाळ घसरू नये म्हणून ती स्वतः धरून उभी राहिली. "घाई नको. तिची ती शोधेल," एवढंच म्हणाली. मुलगी काही वेळ नुसती पडून राहिली. मग जीभ बाहेर काढायला लागली, मूठ चोखली, डोकं इकडून तिकडे घासत सरकली आणि तोंड उघडलं. नैसर्गिक बाळंतपणात बाळाला आईच्या पोटावर ठेवलं तर ते सरपटत वर छातीपर्यंत पोचतं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी 1987 मध्ये याचं वर्णन केलं, आणि मुंबईचे डॉ. प्रशांत गांगल यांनी त्याची केलेली फिल्म पुढे जगभर दाखवली गेली. पोट फाडलेल्या बाईला ते सगळं जमत नाही, पण निम्मं जमवून देता येतं. त्यासाठी एका सिस्टरला दुसरं काम बाजूला ठेवून तिथे उभं राहावं लागतं.

असं उभं राहणारं कोणी सगळ्यांना मिळत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. जन्मल्यावर तासाभरात छातीला लावलेली बाळं मात्र 41.8 टक्के. म्हणजे बाई दवाखान्यात पोचली, बाळ दवाखान्यात जन्मलं, डॉक्टर-सिस्टर समोर होते, आणि तरीही निम्म्याहून जास्त बाळांचा तो तास वाया गेला. यात त्या आयांच्या अडाणीपणाचा काय संबंध? माझ्या चुलत जावेला सिझेरियननंतर बाळ दुसऱ्या दिवशी हातात मिळालं. तोवर त्याला बाटली लागलेली होती, आणि घरी सोडताना कागदावर औषधांच्या खाली पावडरच्या डब्याचं नाव कंपनीसकट लिहिलेलं होतं. आपल्या देशात 1992 पासून याविरुद्ध कायदा आहे आणि 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. बाळाच्या पावडरची, बाटल्यांची जाहिरात करायची नाही, आयांना फुकट डबे वाटायचे नाहीत, दवाखान्यांचा वापर प्रचारासाठी करायचा नाही. माझी जाऊ पदवीधर आहे. तिने तो कागद डॉक्टरांचा सल्ला म्हणून पाळला. कुणीही पाळला असता.

आमच्या सरकारी वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर ऊसतोडीला आलेली बीडकडची एक बाई होती. तिचं तिसरं बाळंतपण. कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, अजून अवकाश होता, टोळी जवळच्याच फडात होती. ती कुशीवर झोपून सहज बाळाला पाजायची आणि मी तिच्याकडे बघत राहायची.

तिसऱ्या रात्री माझी मुलगी थांबेना. निजानीज झाल्यावर सुरू झालेलं रडणं मध्यरात्र उलटली तरी चालूच. छातीला लावली की दोन-चार वेळा ओढायची, सोडायची, पुन्हा किंचाळायची. माझी छाती मऊच होती, भरून आल्याचं एकही लक्षण नव्हतं. आई कळवळून म्हणाली, "पोर उपाशी आहे गं." समोरच्या खाटेवरच्या सुनेची सासू उठून आली आणि तिने आपल्या पिशवीतला पावडरचा डबा पुढे केला. माणुसकीनेच केला. वॉर्डातली मावशी म्हणाली, गरम पाणी आणून देते. सगळी माणसं मदतच करत होती, आणि ती मदत मला एकाच दिशेने ढकलत होती. शेजारची बीडची बाई तेवढी अंधारातून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई ते. चिकटवून ठिवा पोरीला. येतंय दूध."

मग रात्रपाळीची सिस्टर आली. तिने डब्याकडे पाहिलं, पण कुणाला काही बोलली नाही. बाळाचं घट्ट गुंडाळलेलं दुपटं सोडलं, लंगोट पाहिला, ओला होता. "सकाळपासून किती वेळा ओला झाला?" आईने सांगितलं. "मग उपाशी नाही ती," सिस्टर म्हणाली. मला तिने उठून बसवलं, पाठीला उशी दिली. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाचे पाय माझ्या बगलेखालून पाठीमागे जातील असं तिला बाजूच्या उशीवर घेतलं. माझा हात धरून बाळाच्या मानेखाली नेला. "डोकं दाबायचं नाही. डोकं दाबलं की बाळ मागे रेटतं. मानेला आधार द्यायचा. स्तनाग्र तिच्या नाकासमोर येऊ दे. थांब. अजून थांब. आता तोंड मोठं उघडलं बघ, आधी हनुवटी टेकव." मुलीने स्तनाग्राबरोबर भोवतीचा काळसर भागही तोंडात घेतला, खालचा ओठ बाहेर वळला आणि दोन दिवस प्रत्येक वेळी उठणारी ती जीवघेणी कळ उठली नाही. तोवर ती नुसत्या टोकाला ओढत होती. त्यानेच चिरा पडल्या होत्या, आणि त्यानेच तिला पुरेसं मिळत नव्हतं.

"आता हनुवटीकडे बघ," सिस्टर म्हणाली. "खाली जाते, क्षणभर थांबते, मग वर येते. ते थांबणं म्हणजे घोट." मी पाहिलं. खरोखर थांबत होती.

दुसऱ्या बाजूचा चीक तिने हाताने पिळून स्टीलच्या चमच्यात घेतला. अंगठा आणि बोट काळसर भागाच्या कडेला, आधी बरगडीकडे मागे दाब, मग दोन्ही बोटं जवळ, मग सैल. हात त्वचेवर घासायचा नाही. चमच्याच्या तळाशी पिवळाधमक, चिकट असा थोडासा जमला. आई म्हणाली, "एवढ्याने काय होणार?" सिस्टरने सांगितलं की पहिल्या दिवशी बाळ एका वेळेला चमचाभर, फार तर दोन चमचे घेतं. हळूहळू वाढत जातं. सिझेरियनमध्ये दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो, तोवर निसर्गाने चीक दिलेला आहे आणि रोगाशी लढायची पहिली शिदोरी त्यातच आहे. रात्री बाळ जास्त मागतं, कारण रात्री ओढलं की दूध तयार करणारं संप्रेरक जास्त स्रवतं. ही रात्र प्रत्येक बाळंतिणीच्या वाट्याला येते, ती म्हणाली, आणि बहुतेक डबे याच रात्री फुटतात.

तिच्या शेवटच्या वाक्यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. त्या रात्री ती दुसऱ्या वॉर्डात अडकली असती तर डबा फुटला असता. बाळ वरच्या दुधाने सुस्तावून झोपलं असतं, छातीला लागलं नसतं. छाती रिकामी झाली नाही की दूध बनायचं मंदावतं. दुसऱ्या दिवशी दूध आणखी कमी, म्हणून डबा आणखी जास्त. आठवड्याभरात सगळे म्हणाले असते की हिला दूधच नव्हतं, आणि मीही तेच म्हटलं असतं.

काही बाळांना वरचं दूध खरोखर लागतं. रक्तातली साखर उतरते, वजन फार घसरतं, आई अतिदक्षता विभागात असते. तेव्हा ते डॉक्टरांनी तपासून द्यायचं असतं, आणि शक्य असेल तिथे दुसऱ्या आईचं दूध. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली, ती अशाच बाळांसाठी. माझा राग वरच्या दुधावर नाही. न तपासता, न विचारता, रडण्यावर उतारा म्हणून ते पुढे केलं जातं, त्यावर आहे.

पाचव्या दिवशी छाती दगडासारखी झाली, अंग कणकणलं. गरम पाण्यात पिळलेला पंचा, हलकं चोळणं, थोडं दूध हाताने काढून मऊ झालं की मग बाळ. दोन दिवसांत ते निवळलं. चिरांना शेवटचं निघालेलं दूधच लावून हवेवर वाळवलं, आणि बाळ नीट लागायला लागल्यावर त्याही भरून आल्या.

तिथून माहेरी, वाई तालुक्यात. तिथली आशाताई माझ्याच वयाची. घरी येऊन नवजात बाळ तपासायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने उभी केली. आता देशभरात आशा 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. सिझेरियन झालेली बाई दवाखान्यातून सुटली की तिथून त्यांच्या फेऱ्या सुरू होतात. ताईने झोळीचा काटा आढ्याच्या कडीला अडकवला, बाळ झोळीत ठेवलं. वजन जन्मापेक्षा कमी भरलं. आईचा चेहरा उतरला. ताईने शांतपणे सांगितलं की पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, दहा टक्क्यांपर्यंत चालतं. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर यायला हवं, मी बघायला येतेय. आणि ती खरंच आली, आणि वजन खरंच भरून आलं. त्या दोन भेटींच्या मधल्या दिवसांत मला धीर होता तो फक्त "मी बघायला येतेय" या तिच्या शब्दांचा. तिने फोनवर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचा मराठी व्हिडिओही दाखवला. उजव्या हातावर बाळ घेऊन डाव्या बाजूला पाजायची पकड मी त्यातून शिकले, आणि टाके दुखायचे थांबल्यावर तीच धरली.

खरी कसोटी लागली पाण्यावरून. चैत्र उलटला, वैशाख तापला. भर दुपारी पत्रा तडतडायचा. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "अगं, घसा सुकत असेल तिचा, चमचाभर पाणी दे." गुटी तर आईने आधीच सहाणेपाशी काढून ठेवली होती. मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, वेखंड, सगळं धुऊन पुसून डबीत. माझ्या वेळचीच होती ती सहाण. आईचं म्हणणं सरळ होतं: "तुला दिली, तुझ्या भावाला दिली, मेलात का?" मी वाद घालायला लागले की तिचे डोळे भरून यायचे. तिने दोन पोरं वाढवली ती चुकीची वाढवली, असं मी म्हणतेय असं तिला वाटायचं.

आशाताईने वाद घातलाच नाही. ती आईजवळ बसली आणि म्हणाली, "काकू, पाणी द्यायचंच आहे. पण बाळाला नाही, हिला द्यायचं. आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. हिला पाजलंत की नातीला पोचलं." मग सहाणेबद्दल म्हणाली की सहा महिने बाळाच्या आतड्याला बाहेरचा जंतू लागू नये एवढंच आपण पाहतोय, म्हणून उगाळणं सध्या नको. त्या दिवसापासून मी पाजायला बसले की आई तांब्या-भांडं घेऊन यायची. मी पिऊन संपवेपर्यंत उभी राहायची. तोवर मला मोजूनमापून पाणी देणारी माझी आईच होती, बाळंतिणीला वारा-पाणी बाधतं म्हणून. आशाताईने तिच्याकडून काही काढून घेतलं नाही, उलट तिच्या हाती एक काम दिलं. घरातल्या मोठ्या बाईला हे काम मिळालं नाही तर ती गुटीचंच काम करणार, कारण तिलाही नातवंडासाठी काहीतरी करायचं असतं.

खाण्याचंही तसंच. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, खसखस घातलेलं गरम दूध, आईने सगळं केलं. दूध मुख्यतः वाढतं ते बाळ जितकं ओढेल तितकं, हे मी शिकले होते. पण पाजणाऱ्या बाईला या काळात रोज सुमारे 600 उष्मांक जास्त लागतात, आणि रात्रभर जागलेल्या बाईला कुणीतरी गरम वाटी हातात आणून देणं ही लहान गोष्ट नाही. मी कधीही भुकेली पाजायला बसले नाही.

दीड महिन्याच्या आसपास संध्याकाळी मुलगी दर अर्ध्या तासाने मागायला लागली. प्यायची, सोडायची, रडायची, पुन्हा मागायची. भेटायला आलेल्या नातेवाइकांपैकी कुणीतरी म्हणालंच, "दूध पुरत नाही वाटतं." हा प्रश्न किती खोल जातो ते बाळंतीण झालेल्या बाईलाच ठाऊक. पाजताना छातीत जे भरून येतं, तो पान्हा ज्या संप्रेरकाने फुटतो, ते भीतीने आणि लाजेने अडतं. म्हणजे दूध पुरत नाही असं म्हणणाऱ्या माणसामुळे त्या घटकेला दूध खरोखर कमी उतरू शकतं. माझा नवरा तेव्हा शनिवार-रविवारी माहेरी यायचा. त्याने मला काही समजावलं नाही. त्याने अंगणातल्या दोरीवरचे लंगोट मोजले. दिवसरात्रीत सहाहून जास्त वेळा भरपूर लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय, हे त्याने आशाताईकडूनच ऐकलेलं. पुढच्या खेपेस तोच प्रश्न आला तेव्हा तो बैठकीतूनच म्हणाला, "मामी, दोरीवर बघा." नंतरच्या काही दिवसांत मुलगी आपोआप निवळली. बाळ वाढीला लागलं की असं करतं, आणि तसं करूनच आईचं दूध वाढवून घेतं. रात्री रडली की उचलून माझ्याकडे आणायची, पिऊन झाली की खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, लंगोट बदलायचा, हे काम त्याने तो असेल त्या प्रत्येक रात्री केलं. पुढे सासरी गेल्यावर तर रोजच. त्याच्या आईसमोर केलं, याला जास्त मोल आहे.

रजा संपली तेव्हा मुलगी पाच महिन्यांची होती. शेवटचा एक महिना सगळ्यात अवघड जाणार हे दिसतच होतं. पहाटे तिला एका बाजूने पाजताना दुसऱ्या बाजूचं दूध काढायचं, उकळून घेतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या वाट्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवायचं, हे रजेच्या शेवटच्या पंधरवड्यातच सुरू केलं होतं. सासूबाईंनी बाटली घरात आणू दिली नाही. बारशाला आलेलं चांदीचं बोंडलं त्यांनी काढलं, रोज उकळलं. दूध गॅसवर तापवायचं नाही, गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करायचं, उरलेलं पुन्हा ठेवायचं नाही, हे एकदा ऐकून त्यांनी जसंच्या तसं पाळलं. मी दिसत असले की मुलगी बोंडल्याला तोंड लावत नसे, म्हणून मी घराबाहेर पडल्यावरच त्या पाजायच्या.

शाळेत मोठ्या सुट्टीत मला पुन्हा दूध काढावं लागे, नाहीतर छाती दाटून गाठी होत आणि दूध आटत जाई. मुख्याध्यापकबाईंनी कार्यालयातलं पुस्तकांचं कपाट आडवं सरकवून कोपऱ्यात आडोसा केला, आतून कडी लावून घ्यायला सांगितलं आणि माझा सुट्टीनंतरचा पहिला तास स्वतः घेतला. मी न मागता. एकदा बाहेरगावी प्रशिक्षणाला गेले तेव्हा तिथल्या स्तनदा मातांच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. मी स्वच्छतागृहात उभी राहून दूध काढलं आणि बेसिनमध्ये ओतून दिलं. आपल्याकडे या खोल्यांना हिरकणी कक्ष म्हणतात. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीची गोष्ट मी दर वर्षी चौथीला शिवाजी महाराजांच्या इतिहासाबरोबर सांगते. आता सांगताना मुलांना विचारते की दरवाजा थोडा वेळ उघडला असता तर काय झालं असतं. आईने जीव धोक्यात घातला की आपण तिच्या नावाने बुरूज ओळखतो. मला वाटतं, दरवाजाची किल्ली कुणाकडे आहे ते माहीत असणं जास्त गरजेचं आहे.

आणि एवढं सगळं मला मिळालं ते माझी पगारी नोकरी होती म्हणून. 2017 च्या दुरुस्तीनंतर प्रसूती लाभ कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा दिली, बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजायला दोनदा सुट्टी तर मूळ कायद्यातच होती, आणि 50 किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सक्ती केली. तरतुदी चांगल्या आहेत. पण आपल्या देशातल्या बहुसंख्य कष्टकरी बायकांना मालकच नाही, रजा कोण देणार? शेजारच्या खाटेवरच्या त्या बाईला माझ्यापेक्षा जास्त येत होतं. दूध भरपूर होतं, बाळ पहिल्या झटक्यात लागत होतं, कुणी शिकवायची गरज नव्हती. मला रात्री धीर देणारी तीच होती. निघताना मी तिला अगदी मास्तरणीसारखं सांगितलं, सहा महिने दुसरं काही देऊ नका. ती म्हणाली, "दूध हाय की ताई. येळ न्हाई." ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते. बाई बसली की कोयता मोडला. तिची थोरली पोर सात-आठ वर्षांची, तीच खोपीत बाळाला सांभाळणार होती. ती बाळाला दिवसभर काय पाजणार, हे मला विचारवलं नाही.

अन्नसुरक्षा कायद्याने 2013 मध्ये गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6,000 रुपयांचा हक्क दिला. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला 5,000 रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. शेजारच्या खाटेवरच्या त्या बाईचं तिसरं बाळंतपण होतं. सहा महिन्यांच्या मजुरीपुढे ही रक्कम काय आहे ते फडावरच्या कुणालाही विचारा. 2019-21 च्या त्याच सर्वेक्षणात देशातलं निव्वळ स्तनपान 63.7 टक्क्यांवर आलं, आधीच्या सर्वेक्षणात 54.9 होतं, ही वाढ आशांच्या पायपिटीची आहे असं मी मानते. उरलेल्यांपर्यंत पोचायला नुसती माहिती पुरणार नाही. तिथे मजुरी भरून द्यावी लागेल आणि फडाजवळ पाळणाघर चालवावं लागेल. कारखान्यांनी आणि सरकारने मिळून ते करावं, ही मागणी ऊस पिकवणाऱ्या आमच्या भागातल्या लोकांनी करायला हवी, कारण ती साखर आमच्या घरात येते.

तोवर वाचकांकडे एक मागणं आहे. बाळ बघायला जाल तेव्हा दूध पुरतं का, असं विचारू नका. अळिवाची खीर न्या, पोळ्या लाटून द्या, वाळलेले लंगोट घडी करून ठेवा, बाळाच्या बापाला रात्री उठायला सांगा. आणि तिसरी रात्र असेल, बाळ रडत असेल, तर डबा आणण्याआधी सिस्टरला बोलावून आणा.